चार तासांचा बॅकअप

आमच्याकडे बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर. लाईट गेल्यावर तो किती वेळ चालतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्यामुळे लातूरच्या कॉम्प्युटरवाल्याने फोनवर "डॉक्टर, बॅकअप हाय ना?" असं विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "हाय की, चार तासाचा." त्याला वाटलं, दर चार तासांनी माझी माहिती दुसरीकडे उतरवली जाते. दोघंही शहाणे!

मी गुरांचा डॉक्टर. आमच्या भागातल्या देवणी गाईंच्या वंशावळी मी बारा वर्षं कॉम्प्युटरवर लिहीत आलो होतो, एकाच रक्ताची जोडी लागू नये म्हणून. एका सकाळी हार्ड डिस्क बसली. कॉम्प्युटरवाल्याने दोन दिवस खटपट करून हात टेकले. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा मात्र झकास पेटलेला. त्याला लाथ घालावीशी वाटली.

मग वही घेऊन पुन्हा गोठे फिरणं आलं. जळकोटकडचे एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांना मी चाचरतच म्हटलं, आठवेल तेवढं सांगा. आबांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या सात पिढ्या सांगितल्या. कुणाचं तोंड काळं, कुणाच्या डाव्या पुठ्ठ्यावर ठिपका, कोणती उदगीरच्या बाजारातून आणलेली, कोणती कुठल्या वळूची. एकदाही अडले नाहीत. माझंच पेन मागं पडत होतं. एवढं सगळं या माणसाने एक अक्षर न लिहिता सांभाळलं होतं.

निघताना आबा म्हणाले, "आता जिथं ठेवशील तिथं आधी मागून बघ. परत दिलं तरच ठेव."

वहीतलं सगळं आणि गाईंचे फोटो नव्या डिस्कवर चढवल्यावर कॉम्प्युटरवाल्याने बॅकअपची तीन सॉफ्टवेअर मांडली आणि त्यांचे गुण गायला लागला. मी म्हटलं, "ते ऱ्हाऊ दे. आबांच्या गाईचं पान पूस, आन् परत आणून दाखव." पान पुसताना वही मी मांडीवर उघडी धरून ठेवली होती. पहिल्याने काहीच आणलं नाही. दुसऱ्याने पान आणलं, फोटो गाळले. तिसऱ्याने सगळं आणलं, डाव्या पुठ्ठ्यावरच्या ठिपक्यासकट. तेच घेतलं.

यंदा त्या गाईची कालवड माजावर आली म्हणून आबांच्या सूनबाईंनी मला बोलावलं. आबा बाजेवर बसले होते. आता त्यांना घरची माणसंही ओळखू येत नाहीत. कुठला वळू चालेल ते ठरवायला मी मोबाईलवर ते पान उघडलं आणि मोठ्याने वाचू लागलो. आबा कान देऊन ऐकत होते.

"लई बारीक म्हाईती हाय रं. कुनी सांगितली?"

"तुम्हीच, आबा."

आबांनी कालवडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला एवढं येत हुतं व्हय?"