कल्याणीनगरच्या पबमधला पाडलेला आडोसा

अन्याय झाला तो पुष्पाताईंवर. गेल्या होळीच्या आदल्या मंगळवारी, भर दुपारी, कल्याणीनगरच्या एका आयरिश पबमध्ये. ताईंचं नाव बदललंय आणि पबचं मुद्दाम देत नाही.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. शाळाशाळांत जाऊन बुवांचे चमत्कार करून दाखवायचे आणि मग त्यातली हातचलाखी उघडी पाडायची, हे काम मी कॉलेजपासून करतेय. त्याची पत्रकंही मीच लिहिते. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय... तरी लिहिते, कारण एका बाईची नोकरी आणि राहायची खोली दोन्ही यात अडकलंय.

पुष्पाताई कर्वेनगरातल्या एका मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर. पन्नाशी उलटलेली, एकट्या. खोली हॉस्टेलमध्येच — नोकरी गेली की तीही गेली. संस्थेचा नियम असा की रेक्टरबाईंचं वागणं 'आदर्श' हवं. सेक्रेटरींचं कसं हवं, यावर नियम गप्प आहे. तर या बाई रविवारी दुपारी नदी ओलांडून यायच्या आणि एक ग्लास स्टाउट, म्हणजे काळी कडवट बिअर, प्यायच्या. फोनसुद्धा पर्समध्ये. "आठवडाभर सगळं हॉस्टेल मला हाका मारतं गं," त्या म्हणायच्या. "इथे कोणी मारत नाही."

हे जमायचं ते स्नगमुळे. स्नग म्हणजे काउंटरला चिकटून केलेली छोटीशी लाकडी खोली. उंच फळ्या, दुधी काच, आतून कडी, आणि काउंटरच्या बाजूला एक झडप. झडपेवर टकटक केली की ग्लास आत यायचा. देणाऱ्यालाही फक्त हात दिसायचा. पबचे जुने मालक फर्नांडिस अंकल आयर्लंडमध्ये बरीच वर्षं राबलेले. तिकडे पूर्वी बायकांनी चारचौघांत पिणं खपायचं नाही, म्हणून बऱ्या पबात हा आडोसा असायचाच, असं ते सांगायचे. चांगला पब कशाने होतो असं कोणी विचारलं की म्हणायचे, हिरव्या रंगाने तर नक्कीच नाही. टीव्ही नको. गाणारा असेल तर तो गिऱ्हाइकांतच बसलेला हवा, स्टेजवर नको. अर्धा ग्लास भरून फेस बसेपर्यंत थांबायची अक्कल हवी. आणि ज्याला बोलायचं नाही त्याला कोणी छेडायचं नाही.

मी तिथे पत्रकांची प्रुफं तपासायला जायचे. एकदा बाहेर जागा नव्हती, अंकलनी ताईंना विचारून मला आत बसवलं. तशी ओळख झाली.

मग अंकलनी पब विकला आणि नव्या मॅनेजरने त्या मंगळवारी स्नग पाडला. मी भांडायला गेले.

"मॅडम, सगळं ओपन करतोय. ऑथेंटिक आयरिश व्हाइब."

"अहो, त्यातलं आयरिश होतं तेच पाडलंत तुम्ही."

"तिथे सेल्फी वॉल येतेय. तुम्हीपण काढा ना एक."

भिंतीवर प्लास्टिकची हिरवी पानं आली. आतलं बाक आणि टेबल तेवढं ठेवलं, फोटोत छान दिसतं म्हणून. पुढच्या रविवारी जाऊन बघते तर पुष्पाताई त्याच बाकावर. उघड्यावर.

"अहो ताई, कोणी बघेल."

"बस इथे. बघतंय का कोणी, ते बघ."

त्यांनी टेबलावर टकटक केली. बारमनने ग्लास आणून ठेवला आणि गेला. मी मागोमाग जाऊन विचारलं, कोणाला दिला? तो म्हणाला, "तो कोपरा तर रिकामाय ना?" आणि स्वतःच्या ओल्या हाताकडे बघत राहिला.

मी सगळं तपासलं. दिवे, आरसे, कुठून काय दिसतं ते. हाती काही लागलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी सेक्रेटरी आले. ताईंच्या संस्थेचे, तेच. पुतण्याचा वाढदिवस होता. आम्ही दोघी बाकावर. पुतण्या म्हणाला, "काका, इकडे या, हा कोपरा रिकामाच आहे." आणि काकांनी हातातला केकचा बॉक्स माझ्या प्रुफांवर ठेवला. मी "ओ काका" म्हणाले, चांगलं मोठ्याने. एकानेही मान वळवली नाही. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "बटण तुटलंय यांच्या शर्टाचं."

मी परत तोंड उघडलं तसं त्यांनी मनगट धरलं. "गप्प. तुझी गंमत होते, माझी खोली जाईल."

"उघड बसायचा हक्क आहे तुम्हाला."

"आहे की. तो मिळेपर्यंत राहू कुठे? तुझ्या पत्रकावर?"

 

संध्याकाळी सेक्रेटरींनी हॉस्टेलच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'फॅमिली टाइम'. ताईंनी मला पाठवला. काकांच्या कोपराशी आम्ही दोघी, ताईंच्या हातात ग्लास, अगदी लख्ख. मी माझा मित्र ओंकारला दाखवला. तो म्हणाला, "बाक आहे. पुढे काय?"

हे इथेच संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण परवा हॉस्टेलच्या एका मुलीने ताईंना विचारलं, "मॅम, सरांच्या त्या फोटोत मागे कोणीतरी बसलंय ना? पुसटसं." मी ओंकारला पुन्हा फोटो दाखवला. त्याने फोन डोळ्यांजवळ धरला. म्हणाला, "हे... हात आहे का कोणाचा?"

ताई आता झोपत नाहीत. मीही नाही. हे कशामुळे होत होतं ते मला माहीत नाही, आणि का विरतंय तेही नाही. मॅनेजरला स्नग परत बांधा असं लेखी दिलं, तो हसला. एवढं कळतं की जागेवर नसलेल्या फळ्यांनी इतके दिवस जे केलं, ते हातीपायी धड माणसांना जमत नाही.

तेव्हा आता तुम्ही करा. कुठल्याही पबात एकटी बाई ग्लास घेऊन बसलेली दिसली तर नजर वळवा. आणि तो फोटो फिरत फिरत तुमच्या फोनवर आला असेल, तर आत्ता पुसून टाका. झूम न करता.