ढगाळ दिवसांची डाळ

लग्नात शाळेच्या स्टाफने मला सौरकुकर दिला, आणि त्याचा राग मी बरेच दिवस धरून होते. याच स्टाफने आधीच्या एका बाईंना मिक्सर दिला होता, दुसरीला लोखंडी कपाट. माझ्या वेळी वर्गणीचे पैसे विज्ञानाच्या सरांच्या हातात पडले आणि सरांनी माझ्या संसारात विज्ञान घातलं. मांडवात त्यांनी ती पेटी स्वतः उघडून दाखवली. आतून काळी, वर काच, झाकणाला आरसा आणि पोटात चार काळे डबे. सासरकडच्या एका पाहुण्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बॅग लई भारी हाय राव. पन कपडे ठेवायला जागा कमी."

अवसरी बुद्रुकला सासरी आल्यावर ती बॅग माळ्यावर गेली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिच्यात वर्षाचा लसूण भरून ठेवला.  नव्या नवरीने लसणावरून तोंड उघडू नये, एवढी अक्कल मला होती.

ही नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. जुन्नरच्या एका शाळेत मी शिकवत होते. सकाळची एसटी, मंचरला बदलायची, नारायणगावला बदलायची, मग जुन्नर. नोकरीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. आणखी एक वर्ष खंड न पडता झालं की मी कायम होणार होते. खंड पडला तर माझ्या जागेवर बसायला पाच जणी टपून होत्या. बी.एड.च्या फीसाठी माझ्या वडिलांनी बैल विकला होता, त्यामुळे ही नोकरी मला नवऱ्याइतकीच प्रिय होती. खरं सांगायचं तर तेव्हा थोडी जास्तच.

लग्नाला तीन आठवडे झाले आणि आत्याबाई कांद्याच्या चाळीच्या शिडीवरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर काढल्यावरसुद्धा हातात जोर येणार नाही, पातेलं उचलणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. झालं, घरात बैठक बसली. सकाळच्या भाकरी मी करून जाऊ शकत होते, पण दुपारी गरम वरण-भात कोण करणार? घरात नवरा आणि सासरे असे दोन धडधाकट पुरुष होते. त्यांचं नाव कुणी काढलं नाही. तिथं बसलेल्या कुणाच्या डोक्यातच ते आलं नाही, माझ्याही नाही.

नवरा म्हणाला, "तू ठरव. माझं काय न्हाई." नवऱ्याचं काय न्हाई म्हणजे नोकरी सोड, हे मला तीन आठवड्यांत समजायला लागलं होतं. मग मी माळ्यावर चढले, लसूण ओतून काढला आणि ती पेटी अंगणात आणून आपटली. "यात उन्हावर डाळ-भात शिजतो," मी म्हणाले, "कुणी चुलीपुढं बसायची गरज नाही." नवऱ्याने पेटीभोवती एक फेरी मारली आणि ठराव केला. मशीनवर दुपारचं जेवण झालं तर नोकरी, नाही झालं तर घर.

आता प्रश्न असा, की सूर्य सरकतो. म्हणजे पेटीही अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकवावी लागते. हे काम मी मामंजींना सांगितलं, पण भीत भीत. माझे हे सासरे एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यात त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने भरून घेतला नव्हता. त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा डोळ्याला लावला, पेटी खालून वरून पाहिली आणि विचारलं, "स्टेरिंग कुठंय?"

स्टिअरिंग नव्हतं, तरी ते बसले. पहिल्या दिवशी मी संध्याकाळी आले तर डाळ मऊसूत शिजली होती आणि मामंजी घाटातून गाडी सुखरूप काढल्यासारखे खाटेवर पहुडले होते. त्या दिवसापासून मशीन त्यांचं झालं. सकाळी साडेनऊला "गाडी लावली", साडेबाराला "गाडी आली". मधेच कुणी झाकण उघडायला गेलं की ओरडायचे, "चालत्या गाडीत चढायचं न्हाई!" एकदा मला एसटीची घाई झाली आणि डबे भरायचे राहिले, तर म्हणाले, "जा तू, मी टाकतो." डाळ-पाणी टाकणं हा स्वयंपाक नव्हता. त्याला ते डिझेल भरणं म्हणायचे. आत्याबाई उंबऱ्यात बसून सांगायच्या, "दोन वाट्या डिझेल घाला, आन् हळद इसरू नका."

हे बघायला अंगणात गर्दी व्हायची. समोरच पिठाची गिरणी होती. वीज गेली की गिरणी बंद, आणि वीज सारखी जायची. त्यामुळे गिरणीवाले भाऊ अर्धा दिवस आमच्या अंगणातच. मामंजी त्यांना आरशाचा कोन समजावून सांगत. तसं बघितलं तर दोन पुरुष उन्हात बसून वरण शिजवत होते, पण तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

त्या वरणाला चव बेताचीच असायची. सूर्य बाकी सगळं करतो, फोडणी करत नाही. मिरची, लसूण, मीठ सगळं एकदम डब्यात घालायचं आणि शिजेल ते मुकाट खायचं. मामंजी मात्र वाटी पुसून खायचे आणि "आत्मा थंड झाला" म्हणायचे.

जूनमध्ये शाळा उघडली आणि आभाळ भरलं. हे मला आधी सुचायला हवं होतं. भूगोल शिकवणाऱ्या बाईला पावसाळ्याचा विसर पडावा, यासारखी लाज नाही. सकाळी काळं आभाळ बघून नवरा म्हणाला, "आता?" मी रात्रीच राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. मामंजी अंगणात आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "तू जा. गाडी लेट व्हईल, पन यील."

मी गेले. संध्याकाळी आले, तर डबे काढून ठेवलेले आणि डाळ शिजलेली. "शिजली?" मी विचारलं. "शिजली की. जरा लेट झाली," मामंजी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही शिजली. आठवडाभर शिजली. मी राजीनामा फाडला. शाळेत विज्ञानाच्या सरांना सांगितलं तेव्हा ते आनंदाने उभेच राहिले. ढगांतूनही उष्णता येते, असा त्यांनी सातवीला एक आख्खा तास शिकवला आणि माझ्या सासरचं उदाहरण दिलं.

भुरभुर पाऊस आला की मामंजी पेटीवर छत्री धरायचे. गिरणीवाल्या भाऊंनी एकदा विचारलंच, "नाना, छत्रीखाली ऊन कसं लागतं?" मामंजी म्हणाले, "छत्री काचंला हाय, आरशाला न्हाई." भाऊंनी मान हलवली. काळा चष्मा लावून सांगितलेलं माणसाला पटतं.

मला संशय आला तो एका संध्याकाळी. उरलेलं वरण ताटात घेतलं आणि दाताखाली मोहरी आली. तडतडलेली. मला वाटलं, आत्याबाई डाव्या हाताने फोडणी टाकत असतील. मग एक दिवस वर्गात पाणी गळायला लागलं आणि शाळा पहिल्या तासालाच सुटली. बाराच्या सुमारास मी घरी पोचले, तर नवरा रानात गेलेला आणि पुढचं दार बंद. अंगणात पेटी आरसा उघडून ढगांकडे बघत बसलेली, आणि आतले डबे गायब.

मी वळसा घालून गोठ्याच्या बाजूला गेले. खिडकीतून आत्याबाईंचा आवाज आला. "आता मव्हरी टाका. अवो, टाका म्हनलं, लांब कुठं पळताय!"

मामंजी वातीच्या स्टोव्हपुढे बसले होते. पंपाच्या स्टोव्हचा आवाज गिरणीपर्यंत जातो, आणि गॅसवरच्या कुकरच्या शिट्ट्या त्याही पुढे, म्हणून हा मुका स्टोव्ह. डोळ्यांना काळा चष्मा, हाताला टॉवेल, आणि पळी हातभर लांब धरलेली. मोहरी उडाली तसे ते मागे सरले आणि म्हणाले, "हिला ब्रेक कुठं लागतो?"

"वात खाली घ्या. आन् हळू बोला, भाऊ समूरच हायेत."

"सुनंला कळंल का गं?"

"तिला कळलं, तर ती उद्याच नोकरी सोडंल. सासऱ्याला चुलीपुढं बसवलं म्हनून रडत बसंल."

"मंग नको कळायला," मामंजी म्हणाले, आणि डोळे मिटून डाळीत पळी बुडवली. चर्र झालं.

मी आत गेले नाही. तशीच एसटीच्या थांब्यावर गेले आणि रोजच्या वेळेपर्यंत तिथे बसून राहिले. मला रडू येत होतं, हसू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता. इतके दिवस वरण खात होते, पण ते कसं होतं याचा मी विचारच केला नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर मी म्हणाले, "आज ऊन बरं पडलं वाटतं." मामंजी म्हणाले, "पडलं बऱ्यापैकी." मग हे आमचं रोजचंच झालं. आभाळ फाटून पाऊस पडला तरी मी उन्हाची चौकशी करायची आणि त्यांनी ते पडलं म्हणून सांगायचं.

हे असंच चाललं असतं, पण गिरणीवाल्या भाऊंनी भर श्रावणात सौरकुकर विकत आणला. आमच्यासारखाच, त्याच बनावटीचा. ढगात चालतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना! एका रविवारी ते काळा डबा घेऊन आमच्या अंगणात आले. चार-पाच माणसं ओट्यावर बसली होती, नवरा मोटारसायकल पुसत होता, मी भांडी लावत होते. भाऊंनी डबा सगळ्यांपुढे धरला.

"तीन दिस झालं मूग शिजाया ठेवलंय. शिजायच्या जागी मोड आलं."

आणि खरंच, मुगाला बोटभर मोड आले होते. लोक हसले. मामंजी हसले नाहीत. "आरसा पुसला व्हता का?" त्यांनी विचारलं.

"दिसातनं तीन येळा."

"तोंड कुठं केलं व्हतं?"

"तुमच्या मशीनचं जिकडं, तिकडंच. नाना, तुमच्या हाताला कायतरी गुण हाय. आज माझं मूग तुमच्या मशीनीत शिजवून दावा. आमी समदे हितं बसतो."

त्यांनी डबा आमच्या पेटीत ठेवला, काच लावली आणि मांडी घालून बसले. बाकीचेही सरसावून बसले. वर आभाळ गोधडीसारखं गच्च होतं. मामंजींनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी ठरवलं की आता आपणच खोटं बोलायचं. पहाटे मीच शिजवून जाते म्हणायचं, म्हणजे त्यांची अब्रू राहील. मी तोंड उघडलं तोच त्यांनी हात वर केला, गाडी थांबवतात तसा.

"काढ तो डबा, भाऊ," ते म्हणाले. "ह्या ढगात काय बी शिजत न्हाई. जूनपास्नं मीच शिजवतोय. आत, स्टोवर."

 मग ओट्यावरून एक जण म्हणाला, "तुमी? बायामानसांवानी?"

मामंजींनी काळा चष्मा काढला. "बत्तीस वर्सं घाटातनं येस्टी काढली. पाठीमागं पन्नास मानसं डोळं झाकून झोपायची. तवा कुनी इचारलं न्हाई, ह्याला जमंल का. आन् तीन मानसांची डाळ मला जमनार न्हाई व्हय?"

 नवरा हातातलं फडकं पिळत उभा राहिला. "पन मंग ठरल्यापरमानं मशीन काय चाललं न्हाई," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.  फाडलेला राजीनामा पुन्हा लिहावा लागणार, असं मला वाटलं.

"मशीन न्हाई चाललं," मामंजी म्हणाले. "तू रोज दुपारी जेवलास का न्हाई?"

"जेवलो."

"उपाशी ऱ्हायलास एक तरी दिस?"

"न्हाई."

"मंग सुनंच्या नोकरीचा आन् मशीनीचा काय संबंध? ती जानार. उद्या मला डोळं दाखवायला मंचरला जायचंय, तुझी आई संगं येनार. दुपारची डाळ तू लाव."

नवऱ्याने ओट्याकडे पाहिलं. तिथले सगळे आपापल्या चपला शोधत होते. गिरणीवाले भाऊ मोड आलेल्या मुगाकडे विचारात पडून बघत होते.  मग नवरा फडकं मोटारसायकलवर टाकून माझ्याजवळ आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "किती शिट्ट्या?"

"चार," मी म्हणाले. मग आत गेले आणि सवयीने उद्याची डाळ निवडायला सूप घेतलं. दोन खडे काढले, मग थांबले, आणि ते सूप तसंच नेऊन त्याच्या खाटेवर ठेवून दिलं.