घोटभर गरम पाणी

आमच्या बाबांना गल्लीत ‘शब्बाथ’ म्हणायचे, म्हणजे बायबलातला विसाव्याचा दिवस. तोंडावर नाही हं. तोंडावर ‘काचवाले काका, या बसा.’ पाठ फिरली की शब्बाथ.

शनिवारी दिवे लागले की ते स्वयंपाकघरात यायचे, ओट्यावरची काडेपेटी उचलायचे आणि कोटाच्या खिशात टाकायचे. रविवारचा दिवस मावळेपर्यंत ती तिथंच. प्रभूच्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही, हा नियम. शेजारीपाजारी लायटर आले, आमच्याकडे कधी आला नाही. लायटर खिशात मावतो, पण बाबांचं म्हणणं, त्यात मोह जास्त. आता यावर काय बोलणार? आई शनिवारीच सगळं रांधून झाकून ठेवायची आणि रविवारी आम्ही गारढोण जेवायचो. चहा नाही, आंघोळीला गरम पाणी नाही. थंडीच्या दिवसांत आम्ही भावंडं दात वाजवत चर्चला जायचो. बाबा गाण्याला उभे राहिले की खिशातली काडेपेटी खुळखुळायची, आणि दादा माझ्या कानात म्हणायचा, “ऐक, काडेपेटीसुद्धा आमेन म्हणतेय.” मी हसले की बाबांचे डोळे आमच्याकडे वळायचे. मग हूं नाही की चूं नाही.

हा नियम कुणाचा? चर्चमधली बाकी माणसं रविवारी गरमागरम जेवत होती, पाहुणे बोलावत होती. नियम होता आमच्या आजोबांचा. त्यांनी तो कुठून आणला देव जाणे. म्हणजे देव तरी जाणतो का, मला शंकाच आहे. बाबांनी मात्र तो असा सांभाळला, की जणू वर बसलेला परमेश्वर बाकीची दुनिया सोडून आमच्या शेगडीकडेच टक लावून बसलाय.

वाईट माणूस नव्हता हो. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी केव्हाच हात झटकून मोकळी झाले असते. आयुष्यभर कुणाला फसवलं नाही, कुणाला खोटी काच दिली नाही. खिडक्यांची तावदानं, तसबिरी, दुकानांच्या दर्शनी काचा, सगळं काम नाकासमोर. काच कापायची हिरकणी, ती टोकाला हिऱ्याचा कण असलेली लेखणी, दुसऱ्या कुणाला हातात धरू द्यायचे नाहीत. फक्त दादाला धरू दिली. दादानं हे काम पुढं न्यावं अशी फार इच्छा होती. मी शिलाई मशीनवर लोकांचे कपडे उसवत-शिवत बसायचे, आणि बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा, “पट्टी घट्ट धर. श्वास रोखून एकाच दमात रेघ ओढ. ओढली ती ओढली! त्याच रेघेवर परत फिरवायची नाही, काच भलतीकडे फुटते.” मग टेबलाच्या कडेवर जरासं दाबलं की टक्‌ करून काच दुभंगायची. दादाला ते छान जमायला लागलं होतं.

मग आई आजारी पडली.

छाती भरली होती. श्वास घेतला की घरघर ऐकू यायची. शनिवारी डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता जे हवं ते द्या, मनासारखं करा. इतकं स्पष्ट सांगितलं. आणि बाबा आत आले ते सरळ ओट्याकडे गेले आणि काडेपेटी खिशात टाकली.

रविवारी बाबा चर्चला गेले. मी आईचे पाय चोळत बसले होते. बर्फ परवडला, असे पाय. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “घोटभर गरम पाणी दे गं.” बस, एवढंच. ना दूध, ना औषध. दादा उठला, शेजारच्या काकूंकडून काडेपेटी मागून आणली आणि शेगडी पेटवली. आमच्या घरात रविवारी जाळ झाला तो तेव्हा पहिल्यांदा. पाण्याला आधण यायला लागलं होतं, भांडं गुणगुणायला लागलं होतं. आई तो आवाज ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते म्हणून सांगते, ती त्या आवाजाकडे कान लावून पडली होती.

तेवढ्यात बाबा आले.

ओरडले नाहीत. शेगडी बंद केली. फडक्यानं भांडं धरलं आणि पाणी मोरीत ओतून टाकलं. म्हणाले, “दिवस मावळू दे. मी स्वतः तापवून देतो.” दादा मध्ये पडला, हात धरला, पण पाणी तर गेलं होतं. मी किंचाळले. आईनं डोळे मिटून घेतले. नवऱ्याचा नियम तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ होता.

दिवस मावळायच्या आत ती गेली.

लोक म्हणाले, “सुटली बिचारी.” आपल्याकडे असंच म्हणतात. माणूस मेला की सुटला. जिवंतपणी सुटायची सोय आमच्या घरात नव्हतीच. आणि हे पण सांगते, ते पाणी मिळालं असतं तरी ती जाणारच होती. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते. तिला वाचवायला कुणी सांगितलंच नव्हतं. फक्त घोटभर गरम पाणी द्यायचं होतं.

मातीहून परत आलो तो दादानं हिरकणी टेबलावर ठेवली, कपडे पिशवीत भरले आणि निघाला. बाबा दारात उभे होते. म्हणाले, “जो प्रभूच्या दिवशी विस्तव पेटवतो त्याला माझ्या मेजावर जागा नाही.” दादा म्हणाला, “मागितलीय कुणी?” आणि गेला. कुठं गेला? बाजारापलीकडच्या बेकरीत. कामाला लागला, पुढं मालकाची मुलगी केली, बेकरीही सांभाळायला लागला. रविवारी पहाटे तिथली भट्टी सगळ्यांत जोरात असते. मुद्दामच शोधली असावी, असा आहे आमचा दादा.

मी आठवड्यातून एखादी चक्कर मारायचे त्याच्याकडे. बाबांना ठाऊक होतं, पण ते विचारत नसत. घरी आले की माझ्या पिशवीकडे बघायचे. पावाचा वास लपतो होय? वास घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. अशी वर्षं गेली. बाबांचे हात थरथरायला लागले, काचेवर रेघ सरळ येईना, दुकान बंद झालं. काडेपेटी मात्र शनिवारी खिशात जातच होती.

मग चर्चमध्ये नवे पाळक आले. पोरगेलेसे, दाढीसुद्धा धड आलेली नाही. एका रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “नियम पाळून देव पावला असता, तर ख्रिस्ताला यायचं कारणच काय होतं? त्यानं आपल्याला सोडवलंय. आणि सोडवलेली माणसं आपण, परत स्वतःच्या हातानं दावं गळ्यात अडकवून घेतो. नियम सांगतो, तू काय करायचं नाहीस. आत्मा सांगतो, समोरच्याला काय हवंय ते बघ. अहो, समोरचा पाणी मागत असेल तर आत्मा कधी म्हणेल का, की थांब जरा?”

त्यांना बिचाऱ्यांना आमचं काही माहीत नव्हतं. बोलण्याच्या ओघात आलं ते. मी बाबांकडे बघितलं. ते खिसा मुठीत धरून बसले होते.

उपासना संपल्यावर ते पाळकांकडे गेले. मला वाटलं, झालं, आता जुंपणार. आधीच्या दोन पाळकांना त्यांनी असंच रडकुंडीला आणलं होतं.

“साहेब, मग रविवारी विस्तव पेटवायचा नाही, त्याचं काय?”

पाळक हसले. “विस्तव? काका, असा नियम कुणी घातला तुम्हाला? अहो, आत्ता मेजावरची जी भाकर खाल्लीत ना, ती आज पहाटेच्या भट्टीतली. तुमचे चिरंजीवच पाठवतात की! माझ्या आधीपासून, पैसे न घेता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

चर्चमध्ये तिला भाकर म्हणायचं आणि बेकरीत पाव, एवढाच काय तो फरक. मला ठाऊक होतं. दादानंच बजावलं होतं, सांगू नकोस म्हणून. दर प्रभुभोजनाला बाबा डोळे मिटून त्या मुलाच्या हातचा घास खायचे, ज्याला त्यांनी मेजावरून उठवलं, आणि मी शेजारी बसून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

बाबांनी रिकाम्या मेजाकडे बघितलं. मग विचारलं, “येते तेव्हा गरम असते?”

“हो तर! फडकं काढलं की वाफ येते.”

बाबा मागं वळले आणि चालायला लागले. घराकडे नाही, बाजाराकडे. रविवारी! मी मागून धावत, “बाबा, अहो बाबा, कुठं निघालात?” काडेपेटी खुळखुळत होती तेवढीच.

बेकरीत गिऱ्हाईकं होती. दादा फळीमागं, कोपरापर्यंत पीठ, कानशिलं पांढरी झालेली. पिठानं नाही, वयानं. त्यानं वर बघितलं आणि सवयीनं विचारलं, “काय देऊ?”

मग ओळखलं. हात थांबले.

बाबा म्हणाले, “चुकलो रे.”

माझ्या बापाच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं, आता दादा रडेल, फळी उचलेल, बाहेर येईल. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. दादानं हातावरचं पीठ पुसलं, सावकाश, एकेक बोट.

“आईला सांगा,” तो म्हणाला.

“राग धर. मार मला हवं तर. पण घरी ये.”

“राग नाही हो बाबा. राग असता तर कधीच भांडायला आलो असतो. संपला तो. पण त्या घरात नाही येणार मी. मला अजून मोरीत पाणी ओतल्याचा आवाज येतो.” आवाज चढवला नाही त्यानं. आमच्या बाबांसारखंच. “तुम्ही मोकळे झालात, चांगलं झालं. पण तुम्हीच शिकवलंत ना? ओढली ती ओढली. परत फिरवायची नाही.”

“अरे, तू काच आहेस का?” बाबा म्हणाले.

दादाचं तोंड जरासं हललं. मी बघितलं, हललं. पण रांगेत मागं उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “अहो, होतंय का लवकर?” आणि दादा त्यांच्याकडे वळला. आम्ही निघताना त्यानं माझ्या हातात पावाची पिशवी दिली. नेहमीसारखीच.

घरी आल्यावर बाबांनी खिशातली काडेपेटी काढली आणि स्वतः शेगडीपाशी गेले. काड्या मोडत होत्या. मी पुढं झाले तर म्हणाले, “हो बाजूला.” शेवटी पेटली. पाणी ठेवलं, आधण आलं, पेल्यात ओतलं आणि पेला नेऊन आईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. खाट रिकामीच असते. मी तिच्यावर शिवायचे कपडे ठेवते. मग बसून राहिले पाण्याकडे बघत. पाणी निवलं तसं मोरीत ओतलं.

त्यानंतर दर रविवारी तेच. चर्चवरून आलं की शेगडी, पाणी, पेला, स्टूल. आम्ही आजारी असलो तरी चुकायचं नाही, कुणी आलं तरी थांबायचं नाही. मी पाळकांना सांगितलं. ते एकदा येऊन बसले, सगळं बघितलं, आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, “काका, हा पण नियमच झाला की हो. तुम्ही सुटलात. खरंच सुटलात.”

बाबा म्हणाले, “साहेब, मला दुसरं काही येत नाही.”

पाळक उठले. प्रार्थना केली आणि गेले. चांगला मुलगा आहे. पण त्यानं तरी काय करावं?

दादा अजून आलेला नाही. येईल असं मला वाटत नाही. मेजावरची भाकर मात्र येते, फडक्यात गुंडाळलेली.

गेल्या रविवारी माझा संताप झाला. बाबा पेला स्टुलावर ठेवून बसले होते. मी खाटेवरचे कपडे खाली ढकलले, खाटेवर बसले, पेला उचलला आणि त्यांच्यासमोर प्यायले. जीभ पोळली. बाबांनी अडवलं नाही. माझ्या गळ्याकडे बघत राहिले, घोट खाली जाईपर्यंत.

“गरम आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“तिला एवढंच हवं होतं,” बाबा म्हणाले, आणि मोरीकडे पाठ करून बसले.