एकवीस नंबरचं खातं

मंगळवारी आमचे टेलिफोन ऑपरेटर वारले. कागलच्या आमच्या कारखान्यातल्या सगळ्या फोनांची खाती ते सांभाळत. ते काम त्यांनीच मला शिकवलं होतं. मशिनच्या आवाजात ते पासवर्ड ओरडून सांगायचे.

“काका, हळू सांगा की.”

“हळू सांगून ऐकू येतंय व्हय तुला?”

त्यामुळे त्यांचा स्वतःचा पासवर्डही सगळ्यांना पाठ होता, आणि त्यानं कुणाचाही फोन कुठंही वळवता आला असता. मी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन नवा पासवर्ड चिठ्ठीवर दाखवला, पाठ करून घेतला आणि चिठ्ठी फाडली. शेवटी काकांचं, एकवीस नंबरचं, खातं बंद केलं.

एकवीस नंबर अजून कुणाला दिलेला नाही.