खालचा खण

त्या दिवशी आमचे हे औषधं आणायला यवतमाळच्या भांडारात गेले होते. दुपारी वॉर्डातलं अ‍ॅट्रोपीन संपलं. स्टोअरच्या खालच्या खणात दोन खोकी होती. ती कुणी उघडली नाहीत. विषबाधा झालेला माणूस यवतमाळच्या वाटेतच दगावला.

हे आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधनिर्माते होते. लोक कंपाउंडर म्हणत, आणि तेही ओ देत. मी शाळेत ग्रंथपाल. इंजेक्शनची रिकामी खोकी ते माझ्यासाठी जपून आणत. पुस्तकांची कार्डं त्यांत बरोबर मावत. माझ्या ग्रंथालयाला त्यामुळे पुठ्ठ्याचा आणि स्पिरिटचा मंद वास असे. मला तो आवडायचा.

जुनं पुढं, नवं मागं, हा त्यांचा नेम होता. घरातले पापडसुद्धा त्यातून सुटले नाहीत. मी नवा डबा उघडला की म्हणत, "मागच्या उन्हाळ्यातले कुठं गेले? आधी त्याहिले संपव."

फवारणीचे दिवस आले की त्यांचं जेवण कमी होई. कपाशीवर औषध मारता मारता विष अंगात भिनलेली माणसं येत, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. मग एकामागून एक अ‍ॅट्रोपीन द्यायचं, तोंड कोरडं पडेपर्यंत. एका माणसाला किती लागेल ते कुणी सांगू शकत नसे. हे वॉर्डाच्या दारातून विचारत, "सुकलं का तोंड?" आतून "सुकलं" ऐकू आलं की त्या दिवशी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खात.

जिल्ह्यावरून माल मागणीप्रमाणे कधीच वेळेवर येत नसे. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच ते दोन खोकी खालच्या खणात ठेवून देत. त्याला ते बियाणं म्हणत. बियाणं कितीही भूक लागली तरी खायचं नसतं, हे त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. खरं तर त्या वर्षांत गावोगाव कपाशीचं बियाणं राखणं बंदच झालं होतं. दर साली नवं पाकीट. राखणारे हे एकटेच उरले होते. दवाखान्यात सगळ्यांना शब्द माहीत होता, आणि नियमही: यांना विचारल्याशिवाय बियाण्याला हात लावायचा नाही.

मी एकदा म्हटलं होतं, "खणावर एक चिठ्ठी तरी लावा. मी प्रत्येक कपाटावर लावते."

हे हसले. "तुह्या लायब्ररीत पुस्तक नाही भेटलं त कोणी मरत नाही. माह्या इथं मरते. म्हून मी चिठ्ठीच्या नाही, डोक्याच्या भरोशावर राह्यतो."

त्या दुपारी ड्यूटीवरचे डॉक्टर कोकणातले होते, रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी स्टोअरमध्ये काय उरलंय ते विचारलं. आयाबाई म्हणाली, "काही नाही साहेब. निस्तं बियाणं हाये."

"बियाणं? दवाखान्यात बियाणं कशाला ठेवता तुम्ही? गाडी काढा, पेशंटला यवतमाळला न्या."

आयाबाईला वाटलं, साहेबांनी बियाणं नको म्हटलं. नियम तिला पाठ होता. तिने खणाकडे पाहिलं आणि गाडी बोलवायला धावली. हे सगळं तिनेच नंतर आमच्या ओट्यावर बसून रडत सांगितलं.

हे तेव्हा एस.टी.तून परतत होते, मांडीवर अ‍ॅट्रोपीनचं खोकं. समोरून दवाखान्याची गाडी भोंगा वाजवत गेली. ड्रायव्हरने एस.टी. बाजूला घेतली, एवढं त्यांना आठवत होतं.

तेरवीला ते त्या माणसाच्या गावी गेले. मी सोबत होते. त्यांनी त्याच्या बायकोला सगळं सांगितलं: औषध होतं, कुठे होतं, त्याला काय नाव ठेवलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, मंग सिधं औषध काहून नाही म्हटलं?"

त्यांचं रात्रीचं जेवण तसंच राहिलं. सकाळी माझ्यापुढे कोरी चिठ्ठी ठेवली. "तुह्या अक्षरात लिहून दे. मोठं लिव."

बियाणं हा शब्द त्यानंतर त्यांनी कधी वापरला नाही, परसातल्या दोडक्याच्या बियांसाठीसुद्धा.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले होते. औषधं देणाऱ्या मुलीने मला ओळखलं नाही. तिच्या मागे तेच लोखंडी कपाट होतं. खालच्या खणावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे, शाई फिकी झालेली: विषबाधेचं औषध. कुणीही उघडावं. खणाला कुलूप नाही.