आधी बोटं, मग ओरड

"शब्द तोंडात घालण्याआधी त्याचा वास घ्यावा," असं काका म्हणायचे. दिवसातून दोनदा तरी. साबणाच्या कारखान्यात वासाची गोष्ट काढायला धाडसच लागतं. आमच्या मागच्या अंगणात चरबी कढत असे. तो वास भिंतींत मुरलेला, डब्यातल्या घासाला चिकटलेला, घरी गेल्यावर लेकरांच्या केसांतही यायचा. पुढच्या दाराने गुलाबाच्या वासाच्या वड्या बाहेर पडत. मागच्या दाराने काय आत येतं, ते कुणी विचारत नसे.

काका कारखान्याचे कारकून. साहेब इंग्रजीत लिहीत, काका ते मराठीत करत आणि आम्हा कामकरी बायांना वाचून दाखवत. आमची सही झाली की खाली 'मजकूर वाचून दाखवला' असं लिहून काकांची सही. ती नसेल तर कागद पुढे मुख्य कचेरीत जात नसे. मांडीवर कायम एक शब्दकोश, पुठ्ठा निघालेला, पानांच्या कडा चरबीने पिवळ्या पडलेल्या. काका नुसता अर्थ सांगून थांबत नसत, शब्दाचं माहेरही सांगत.

"काका, आमच्या सासूबाईंसाठी एखादा शब्द आहे का हो त्यात?" आम्ही विचारायचो.

"होता. ते पान उंदरांनी खाल्लं. त्यांनाही पचलं नाही."

त्या दिवशी ठशाच्या मशीनवर आमच्यातली थोरली, मावशी होती. दर दोन सेकंदांनी ठसा खाली येई, वडीवर नाव उमटवून वर जाई. मावशीची वडी तिरकी बसली, ती सरळ करायला हात आत गेला आणि ठसा आला. दोन बोटं गेली. मावशीच्या तोंडून आवाजच फुटेना. ओरडली ती पलीकडची बाई, जिला आम्ही भोंगा म्हणायचो. असा आवाज की दारापाशी पाठ करून बसलेला मिस्त्री धडपडत उठला आणि त्याने बटण पाडलं. पुढचा ठसा आत अडकलेल्या पंज्यावर येणार होता, तो अधांतरी थांबला.

दुसऱ्या दिवशी, मावशी दवाखान्यात असताना, साहेबांनी त्या मशीनजवळच्या आम्हा अकरा जणींना वर आपल्या खोलीत बोलावलं. भोंगाला दाराबाहेर उभं केलं. साहेब पेनाचं टोपण कानात फिरवत होते. बाहेर काढून त्याच्या टोकाकडे बघत, नाकाजवळ नेत, पुन्हा कानात. त्यांच्या चहावर साय धरली होती आणि सायीवर एक माशी मेली होती.

काका कागद घेऊन उभे राहिले. "यात एक शब्द आहे, 'क्लॅमर'. माहेर लॅटिन. तिथे 'क्लामारे' म्हणजे मोठ्याने हाक मारणं. फ्रेंचांच्या घरून इंग्रजांकडे आला. आता अर्थ गलका, कोलाहल. ओरडून केलेली मागणी, हाही एक. 'क्लेम', म्हणजे हक्क सांगणं, ही याची सख्खी बहीण."

"काका, सोयरीक जुळवायची नाहीये. गलका लिहा आणि मोकळे व्हा," साहेब म्हणाले.

काकांनी वाचलं. 'सदर बाईने विनाकारण गलका केला. त्यामुळे मशीनवरील बाई दचकली व तिचा हात आत गेला. सबब गलका करणाऱ्या बाईस कामावरून कमी करण्यात येत आहे.'

काकांनी कागद खाली केला.

"शब्दाबद्दल माझी तक्रार नाही," काका म्हणाले. "तुम्ही तो जागचा हलवलाय. आधी बोटं गेली, मग ओरड झाली."

"तुम्ही कुठे होता?"

"जिन्यात. रजिस्टर घेऊन खाली येत होतो."

"जिन्यातून तुम्हाला काही दिसलं नाही," साहेब हसून म्हणाले. मग कानातलं टोपण पेनाला लावलं, पुन्हा काढलं, आणि पेन पहिल्या बाईपुढे धरलं. "चला, बायांनो."

काका आमच्याकडे बघत राहिले. "अगं, तुम्ही तर शेजारीच होतात," एवढंच म्हणाले. आम्ही फरशी बघितली. घरची चूल, लेकरांची फी, सगळ्यांची कारणं खरी होती. ते ओलसर पेन एकीच्या बोटांतून दुसरीच्या बोटांत गेलं. मी पाचवी. त्याचा चिकटपणा मला कळला, तरी सही केली. अकराव्या बाईने तर साहेबांना "झालं का हो?" असं गोड आवाजात विचारलंही.

शेवटी कागद काकांकडे आला. साहेबांनी पेन पुढे केलं. काकांनी ते घेतलं नाही. खिशातलं स्वतःचं काढलं आणि सह्यांच्या खाली सावकाश लिहिलं, लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "वरील मजकूर खोटा आहे. ओरड नंतर झाली. तिच्यामुळे मशीन थांबलं आणि पंजा वाचला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे." खाली सही, तारीख.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"उद्यापर्यंत कोण थांबतंय इथे?"

शब्दकोश पिशवीत घालून ते जिना उतरले. तो कागद पुढे पाठवण्यासारखा उरला नाही. दुसरा करायचा तर वाचून दाखवणारा नव्हता, आणि मुख्य कचेरीतून अपघाताच्या चौकशीचा माणूस दुपारीच येऊन टेकला. भोंगा कामावर राहिली. आम्हीही राहिलो.

काका चरबीच्या पिंपांमधून फाटकाकडे निघाले, पिशवी काखेत घट्ट धरून, नाकाला रुमालही न लावता. काचेमागून आम्ही अकरा जणी बघत होतो. भोंगा धावत अंगणात गेली आणि सगळा कारखाना दणाणेल अशी ओरडली, "काका!"

त्यांनी मागे न बघता हात वर केला. काचेमागून आमच्यातल्या एकीनेही हाक मारली नाही.