भिंतीलगतची फट

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. कोलशेतच्या त्या हॉलची जमीन प्रकाशने बिघडवली नव्हती, मी बिघडवली होती. तीन आठवड्यांपूर्वी टिटवाळ्याहून प्रकाशच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला, "भावजी, हे गेले..." आणि मला आधी ती जमीनच आठवली.

प्रकाश जमिनीवर व्हिनाइलच्या पट्ट्या बसवायचा, खाचेत खाच अडकवून, गोंदाशिवाय. कामं मी आणायचो, हात त्याचे. खोकी आली की दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवायचा. गिऱ्हाईक वैतागलं की म्हणायचा, "पाहुणा आलाय, जरा टेकू दे की." मग भिंतीलगत चारी बाजूंनी लाकडी गुटके लावून बारीक फट राखायचा. उन्हात पट्ट्या पसरतात, त्यांना जागा लागते. शेवटी गुटके काढून फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी ठोकायच्या पट्टीखाली, झाकायची.

कोलशेतच्या गिऱ्हाइकाला, त्या घरातल्या काकांना, ती फट खुपली. "झुरळं होतील इथे!" प्रकाश जेवायला गेलेला. समजावण्याचा कंटाळा केला मी. व्हाइट सिमेंट कालवून फट भरली आणि वर स्कर्टिंग ठोकलं. परत आल्यावर तो म्हणाला, "अरे वा, शेट आज कामाला लागले!" मी नुसता हसलो.

मे महिन्यात जमीन मधोमध पापडासारखी फुगली. "कसला रे कारागीर तू? या सोसायटीत पाऊल ठेवू नकोस परत!" काका त्याच्यावर बरसले. त्याने स्कर्टिंग उचकटलं. आत पांढरंशुभ्र सिमेंट. त्याने माझ्याकडे पाहिलं... मी बाल्कनीकडे.

"चुकलं काका, माझंच," तो म्हणाला, आणि दिवसभर गुडघ्यांवर बसून पटाशीने ते खरवडत राहिला. रिक्षात एवढंच बोलला, "तुझं नाव गेलं तर दोघंही घरी बसू. पण सांग रे त्यांना, कधीतरी." त्यानंतर कोलशेतमध्ये त्याला कुणी बोलावलं नाही.

प्रकाशच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर वहिनींनी गुटक्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्याच कामाला येतील. एवढा नीटस माणूस, पण कोलशेतचं नाव निघालं की गप्प व्हायचे." मी पिशवी काखेत मारून निघालो.

गुटके माझ्या टेबलावर आहेत, कडा त्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या. काका अजून त्याच घरात राहतात. त्यांच्या दारात उभं राहून, आणि मग वहिनींसमोर बसून, "सिमेंट मी भरलं होतं" एवढं सांगणं मी प्रकाशचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.